चवडे दाराकडे

एकशे ब्याण्णव पायऱ्या चढून माणसं येतात
आणि सगळ्यात आधी माझ्यापुढे वाकतात.
मला नव्हे, बुटाच्या नाड्यांना.
तरी एकेचाळीस वर्षं हे नमस्कार
मी आपलेच म्हणून घेत आले.

लाकूड गार लागतं म्हणून बोटं आखडत
ती मोज्यांनी आत जातात, आणि मी त्यांचे जोड फिरवते :
चवडे दाराकडे, टाचा देवाकडे.
परतताना पाय घालायला सोपं जावं, एवढंच.
यात काही ज्ञान नाही.
नवे भिक्षू र्योकेन पाहुण्यांना सांगतात की आहे,
आणि पाहुणे माना डोलावतात.

आत काय आहे विचाराल
तर काळ्या लाखेचं एक बंद दार. त्यामागे कान्नोन.
दार तेहेतीस वर्षांतून एकदा उघडतं.
माणसं बंद दाराला हात जोडून बाहेर येतात,
निम्मी खट्टू,
निम्मी उगाचच हळू आवाजात बोलणारी.

तीन वर्षांची असताना मी तिला पाहिलं म्हणे,
आईच्या पाठुंगळी बसून.
मला आठवतो तो आईच्या मानेवरचा तीळ.
छत्तिसाव्या वर्षी दार उघडलं
तेव्हा मी नुकतीच या फळीवर बसू लागले होते,
आणि त्सुरुगाच्या मासळी संघाची सत्तर माणसं आली होती,
एकाच दुकानातले काळे रबरी बूट घालून.
सत्तर जोड. कोण उठणार तिथून?

दर नोव्हेंबरात, गिंको पिवळा झाला की
घड्याळं दुरुस्त करणारे इशिमोरी यायचे.
तपकिरी बूट, जिभेला ठिगळ,
डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली.
थंडी आहे. हो, आहे.
याच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही.
गेल्या वर्षी तेच बूट आले, तेच ठिगळ,
पण उजवी टाच आतून झिजू लागलेली.
मी वर पाहिलं. मुलगा होता.
"थोडे सैल होतात," तो म्हणाला.
मी म्हटलं, "नाड्या आवळून बांधा."
दुसरं काय म्हणणार होते?

एकोणसत्तराव्या वर्षी र्योकेननी
माझ्या हातातली बूट चढवायची पट्टी काढून घेतली.
"किनुयोसान, जा. आज मी बसतो."
गेले.
दोन मेणबत्त्या, बाकी सगळा अंधार आणि माणसांच्या पाठी.
लोक माना उंचावून तिचा चेहरा शोधत होते.
मला सवयीने पायच दिसले.
अनवाणी.
उजवं पाऊल जरासं पुढे,
आणि त्याची टाच जमिनीपासून सुटलेली,
खालून एक कागद सरकेल, इतकीच.
नऊशे वर्षं ही बाई निघायच्या बेतात आहे
आणि कुणाच्या ध्यानात नाही.

पुढच्या वेळी मी एकशेदोन.
म्हणजे नाहीच, असं धरून चाला.

तेव्हापासून, चार-दहाची शेवटची बस गेली
की मी फळी पुसते,
गिंकोच्या वास मारणाऱ्या बिया खराट्याने खाली लोटते,
आणि गवती वहाणांचा एक जोड मांडून ठेवते.
माप अंदाजाने घेतलंय.
चवडे दाराकडे.

सकाळी जोड तिथेच असतो. वर थोडं दव.
र्योकेनना ठाऊक आहे. त्यांनी विचारलेलं नाही,
आणि पाहुण्यांना अजून सांगितलेलंही नाही,
हा त्यांचा मोठेपणा.

मी तो झटकते, खणात सारते.
पावणेनऊला ओसाकाची शाळकरी पोरं येणार,
आणि पोरांचं काय सांगू,
येतात चाळीस,
परत जाताना एक डावा बूट
हमखास कमी भरतो.